वेताळाच्या वहाणा

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे नळ खोक्यात भरणाऱ्या भैरू सातपुतेला चपला करता येतात, ही गोष्ट सात वर्षं कुणाला ठाऊक नव्हती. ठाऊक होऊ नये अशीच त्याने व्यवस्था ठेवली होती. कागलच्या बाजूला त्याच्या गावात बाप, आजा, आज्याचा बाप, सगळे मांडी घालून कातड्यावर वाकलेले. विसाव्या वर्षापर्यंत भैरूनेही तेच केलं. मग बाप गेला. बाराव्याची पंगत बसली असताना गावातल्या एका मोठ्या माणसाने अंगणातूनच हाक मारून तुटकी चप्पल पुढे केली. भैरू पानावरून उठला, चप्पल शिवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी आरी, रापी, सगळी हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकून दिली. पुढची चौदा वर्षं त्याने ऊस तोडला, विटा वाहिल्या, ट्रकवर क्लीनर म्हणून काम केलं, पण आरीला हात लावला नाही.

गोव्यात येताना त्याच्या बायकोने, कुसुमने, ते पोतं गुपचूप ट्रंकेत घातलं. भैरूने विचारलं तर म्हणाली, लोखंड आहे, कुठेतरी उपयोगी पडेल. नळांच्या कारखान्यात अर्ज भरताना 'पूर्वीचा धंदा' या रकान्यात त्याने 'शेतमजूर' असं लिहिलं आणि सुटला.

एका नावातून सुटला आणि दुसऱ्यात अडकला, एवढंच. तुयेत घाट उतरून आलेला प्रत्येक जण घाटी. सार्वजनिक नळावर कुसुमचा हंडा शेवटी लागे. तिसरीत शिकणाऱ्या पूनमला वर्गातल्या पोरी 'भायली' म्हणत, म्हणजे बाहेरची. कुणी वाईट वागत होतं असं मुळीच नाही. गणपतीत, चवथीला, शेजारून नेवऱ्या म्हणजे करंज्या येत, आजारपणात कुणीतरी स्कूटरवर घालून डॉक्टरकडे नेई. पण गावाचं काही ठरवायचं असलं की यांना कुणी बोलावत नसे, आणि बोलावलं नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. गोवा घटक राज्य होऊन दहा वर्षं झाली होती. सरकारी कागदांवर कोंकणी आली, पेडण्यातले लोक घरात कोंकणी बोलत आणि देवळात मराठी आरत्या म्हणत राहिले, आणि भैरू दोन्हीकडे घाटीच राहिला. तो याबद्दल चकार शब्द काढत नसे. मतदारयादीत नाव घालायला मात्र तो तीन वेळा गेला होता आणि तिन्ही वेळा कुठला तरी कागद कमी पडला होता.

त्याचं बिंग फोडलं ते पद्मावतीने. ती कारखान्यात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून खोक्यांना चिकटपट्टी लावायची. एक दिवस तिच्या चपलेचा पट्टा तुटला आणि ती एक पाय फरफटत चालू लागली. दिवसभर ते बघून भैरूचा हात शिवशिवला असावा. संध्याकाळी त्याने चप्पल मागून घेतली, घरी ट्रंक उघडली, आणि सकाळी ती शिवून आणून दिली. पद्मावतीला चप्पल शिवली याचंच कौतुक. तिच्या सासऱ्याने मात्र रात्री कंदिलाजवळ धरून तो टाका बघितला आणि विचारलं, हे कुणी केलं?

हा सासरा म्हणजे सगुण घाडी. माणगाळ या गावचा. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. गावाचं मागणं, गावाची चूक, गावाचा नवस, सगळं देवासमोर खड्या आवाजात सांगायचं हा त्याच्या घराण्याचा मान. वय बहात्तर, अंगावर मांस बेताचंच, आणि जन्मात कधी पायात काही घातलेलं नाही. माणगाळचा देव वेताळ. वेताळ रोज रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दर चैत्रात जत्रेला त्याला चामड्याचा नवा जोड द्यायचा, ही तिथली रीत. जोड करणारं घराणं कोरगावचं. त्यातला शेवटचा म्हातारा दोन वर्षांपूर्वी वारला. त्याचा एक मुलगा तारवावर म्हणजे जहाजावर नोकरीला, दुसरा पणजीला सरकारी खात्यात; दोघांनाही आरी कुठल्या बाजूने धरायची ते माहीत नव्हतं. दोन वर्षं गावाने म्हापशाच्या बाजारातून रबरी तळाचा जोड आणला. तेव्हापासून माणगाळात कुणाची म्हैस आटली तरी लोक त्या जोडाकडे बोट दाखवत.

सगुण रविवारी तुयेला भैरूच्या खोलीवर आला आणि उंबऱ्यात बसून थेट मुद्द्यावर आला. "देवाक रबर चलना," तो म्हणाला.

भैरूने ते काम आपण कधीच सोडल्याचं सांगितलं. सगुणने त्याच्या हातांकडे बघितलं आणि म्हटलं, "काम सोडलें म्हूण हात थोडेच सोडटात?"

तेवढ्याने भैरू तयार झाला नसता. तो तयार झाला तो दुसऱ्या दिवशी, पद्मावतीने टेबलापलीकडून गाऱ्हाण्याची पद्धत समजावल्यावर. जत्रेच्या दिवशी बरोबर दुपारी बाराला तिचा सासरा देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. त्यात मानाची माणसं नावाने घेतात: ढोल वाजवणारा, दिवटी धरणारा, आणि वहाणा करणारा. नाव घेतलं की सगळं गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतं. कोरगावच्या म्हाताऱ्याचं नाव असंच चाळीस वर्षं घेतलं गेलं. पद्मावती हे चिकटपट्टी दातांनी तोडत सहज सांगून गेली. भैरूचं त्या दिवशी खोकं चुकलं. एकात दोन नळ कमी भरले गेले.

एका गावाने एका सुरात आपलं नाव घ्यावं, ही ओढ त्याला लागली ती अशी. त्याला देवाचं फारसं काही नव्हतं. कुसुम त्याला चिडवायची, की आयुष्यभर ज्या कामाला नावं ठेवली त्याच कामाने नाव मिळवायला निघालाय. तो हसायचा आणि पुन्हा कातड्यावर वाकायचा. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं त्याने गावाकडून मागवलं. सगुणने दिलेलं माप सोळा बोटांचं, म्हणजे भैरूच्या पावलापेक्षा चांगलं तीन बोटं लांब. खिळा नाही, डिंक नाही, सगळं चामड्याच्या वादीनेच शिवायचं. पहिला जोड त्याने मोडला. दुसऱ्याचा अंगठा मनासारखा बसला नाही म्हणून तोही मोडला. तिसरा जमला तेव्हा एकवीस वर्षं पोत्यात पडलेली रापी पुन्हा चकचकीत झाली होती. कुसुमने तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि फडक्याने पुसून ठेवला. तिच्याकडून स्तुती म्हणजे एवढीच.

आता नेण्याची रीत. जोड करणाऱ्यानेच तो डोक्यावर न्यायचा, अनवाणी, आणि सड्यावरून. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. देव तिथून फिरतो, तेव्हा त्याच्या वहाणाही तिथूनच यायला हव्यात. वाटेत जोड जमिनीला टेकवायचा नाही. देवाच्या आधी त्यात कुणाचा पाय पडायचा नाही. आणि सकाळचं ऊन जोडावर पडल्याशिवाय तो उचलायचा नाही. रस्त्याने तुये ते माणगाळ बसला तास लागतो. सड्यावरून नऊ-दहा किलोमीटर, झाड नाही आणि पाणी नाही.

जत्रेच्या दिवशी सगुण पहाटेच येऊन बसला. सहा वाजले, सात वाजले. कोरगावच्या म्हाताऱ्याचं अंगण पूर्वेला उघडं होतं, तिथे साडेसहालाच ऊन यायचं आणि माणसं दहाच्या आत माणगाळात पोचायची. ती रीत त्या अंगणावर बेतलेली होती. भैरूची खोली डोंगराच्या कुशीत. तिच्या दारात ऊन उतरायचं साडेआठला. भैरूने दोनदा सुचवलं की जोड जरा वर टेकाडावर नेऊन उन्हात धरू. सगुणला ते पटलं नाही. जोड जिथे झाला तिथेच त्याला ऊन लागायला हवं. रीत पाळायची तर पुरती पाळायची, असा त्याचा हिशेब. बहात्तर वर्षं तो असाच जगला होता, त्याला कोण समजावणार? शेवटी ऊन आलं, कुसुमने नव्या पांढऱ्या फडक्यात जोड गुंडाळला, भैरूने डोक्यावर घेतला आणि दोघे निघाले तेव्हा पावणेनऊ झाले होते. कुसुमने पाण्याची बाटली भैरूच्या खांद्याला अडकवली. सगुणचा गाऱ्हाण्यापर्यंत कडक उपास. पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

चढण काजूच्या बागेतून होती, तिथे सावली होती. बोंडांचा आंबूस वास, कुठल्या तरी भट्टीचा धूर, बोंडं वेचून परतणाऱ्या बायका. त्यांनी सगुणला बघून वाट सोडली आणि भैरूच्या डोक्यावरचं फडकं बघून हात जोडले. भैरूला हे नवीनच होतं. त्याची मान आपोआप ताठ झाली.

बाग संपली आणि सडा लागला. समोर काळपट तांबडा दगड, जळून गेलेलं गवत, इथेतिथे करवंदाची जाळी माणसाच्या गुडघ्याएवढी. दूरवर विजेच्या तारांचे मनोरे थरथरत होते, आणि त्यापलीकडे काही नव्हतं. सगुण पुढे, भैरू मागे. दगडावर पाय ठेवल्याबरोबर भैरूच्या लक्षात आलं की आपण फसलो. लहानपणी तो अनवाणी रानात फिरलेला माणूस, पण सात वर्षं कंपनीच्या बुटात राहून तळवे पूनमच्या गालांसारखे मऊ झाले होते. दगड अजून नुसता गरम होता. दहा वाजता तो चटके द्यायला लागला. साडेदहाला भैरू टाचांवर चालू लागला, मग बोटांवर, मग पावलांच्या कडांवर. गवताचा पट्टा दिसला की त्यावरून चालावं तर जळक्या गवताचे खुंट सुयांसारखे घुसत. सगुण एकसारख्या चालीने जात होता. मधून मधून मागे वळून बघायचा, पण तो भैरूकडे नाही, फडक्याकडे.

अकराच्या सुमाराला भैरूने पाणी प्यायलं आणि बाटली सगुणपुढे धरली. सगुणने मान हलवली. त्याच्या अंगावरचा घाम एव्हाना सुकला होता. मघापर्यंत कपाळावरून ओघळ येत होते, ते थांबले आणि कातडी कोरडी, तापलेली दिसायला लागली. भैरूला ते काही बरं वाटलं नाही. उसाच्या फडात त्याने असा कोरडा पडलेला माणूस एकदा बघितला होता. तो माणूस संध्याकाळ बघू शकला नव्हता. त्याने सगुणला थोडं बसायला सांगितलं. सगुणने विचारलं, बसायचं कुठे? आणि खरंच, बसायला जागाच नव्हती. एका जुन्या चिरेखाणीच्या कडेने वाट गेली होती. तिच्या उभ्या भिंतींची सावलीसुद्धा त्या वेळी भिंतींच्या पायाशी ओंजळभर उरली होती.

खाण ओलांडली आणि सगुणची चाल बिघडली. तो वाट सोडून डावीकडे जाऊ लागला. भैरूने हाक मारली तर थांबला आणि कुणा विमलेला विचारू लागला की गुरं आणलीस का. विमला त्याची बहीण, पुष्कळ वर्षांमागे वारलेली, हे भैरूला नंतर कळलं. मग म्हातारा गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

भैरूच्या एका हातात डोक्यावरचा जोड धरलेला. दुसऱ्या हाताने त्याने सगुणला उठवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग त्याने फडक्याची गाठ दातांनी घट्ट करून जोड गळ्यात अडकवला, बाटलीतलं सगळं पाणी म्हाताऱ्याच्या डोक्यावर आणि छातीवर ओतलं, आणि त्याला पाठीवर घेतलं. वजन फार नव्हतं. कारखान्यात याहून जड खोकी तो दिवसभर उचलायचा. पण पाठीवर माणूस घेतला की पायाखालचा दगड दुप्पट भाजतो, कारण पाऊल चटकन उचलता येत नाही. शंभर-सव्वाशे पावलांवर त्याच्या उजव्या तळव्याचा फोड फुटला आणि तो म्हाताऱ्यासकट गुडघ्यावर आपटला.

माणगाळचं देऊळ अजून तीनेक किलोमीटर. म्हाताऱ्याला इथे ठेवून धावत जावं आणि माणसं आणावीत, तर जायला-यायला दीड तास, आणि असल्या पायांनी धावणार तरी कोण? तोवर म्हातारा या तव्यावर उरणार नाही, हे भैरूला स्वच्छ दिसत होतं. आणि गळ्यात देवाचा जोड लोंबत होता. चांगलं जाड, दुहेरी तळाचं चामडं. त्याने स्वतःच कापलेलं.

त्याला वाईट वाटलं. भीती नंतर आली, आधी वाईट वाटलं. जोड तिसऱ्या खेपेला जमला होता, आणि आता तासाभरात त्या जोडासाठी भैरूचं नाव घेतलं जाणार होतं. म्हातारा शुद्धीवर असता तर त्याने जीव दिला असता पण हे होऊ दिलं नसतं, हेही भैरूला माहीत होतं. त्याने फडकं सोडलं. वहाणा दगडावर ठेवल्या, म्हणजे एक रीत मोडली. पाय आत घातले, दुसरी मोडली. जोड लांब होता, पाऊल आत सरकत होतं, म्हणून फडक्याच्या दोन चिंध्या फाडून घोट्याला बांधल्या आणि उरलेलं फडकं म्हाताऱ्याच्या डोक्यावर टाकलं. मग त्याने पुन्हा सगुणला पाठीवर घेतलं आणि चालू लागला.

नवी चप्पल चावतेच. तीन किलोमीटर त्याच्याच हातच्या वहाणा त्याला अंगठ्याशी आणि टाचेशी चावत राहिल्या आणि पावलागणिक करकर वाजत राहिल्या. पण तळवे भाजत नव्हते. पाठीवरचा श्वास गरम आणि वरवरचा लागत होता. तो लागतोय तोवर चालायचं, एवढाच विचार डोक्यात होता. सडा संपून उतार लागला, फणसाची झाडं आली, ढोल ऐकू आला. भैरू कुठेच थांबला नाही. देवळापुढचं अंगण माणसांनी भरलेलं होतं, ते दुभंगलं. कोरगावच्या म्हाताऱ्याची जागा पायऱ्यांच्या खाली, दीपस्तंभाजवळ असायची. चाळीस वर्षं तो तिथूनच जोड वर द्यायचा. देवाला त्याचे टाके चालायचे, पायरी चढलेला तो मात्र कुणाला चालला नसता. भैरूला यातलं काही आठवलं नाही. त्याला सभामंडपातली सावली आणि थंड फरशी दिसली. तो पायऱ्या चढून, पायातल्या वहाणांसकट, थेट आत गेला आणि म्हाताऱ्याला फरशीवर निजवलं.

पद्मावती धावत आली. कुणी पाणी ओतलं, कुणी पंखा घातला, गर्दीतून एक नर्सबाई पुढे झाली आणि तिने म्हाताऱ्याच्या काखेत ओले पंचे ठेवले. पाऊण तासाने सगुणने डोळे उघडले. शहाळ्याचं पाणी पुढे केलं तेव्हा त्याने उपासाचं नाव काढलं. पद्मावतीने सरळ त्याचं तोंड धरून ते पाजलं. मग तो पुन्हा डोळे मिटून पडून राहिला. तो वाचणार हे नक्की झालं, आणि तेव्हा कुठे लोकांनी भैरूच्या पायांकडे बघितलं.

ढोल थांबलेलाच होता. भैरूने वाकून चिंध्या सोडल्या, वहाणा काढल्या आणि हातात घेऊन उभा राहिला. पट्ट्यांवर रक्त लागलं होतं. काही म्हातारी माणसं तोंड फिरवून बाहेर गेली. कुणीतरी मागून म्हणालं, घाट्याच्या हातात देवाचं काम दिलं की असंच व्हायचं. कुणी म्हणालं, माणूस वाचवला त्याचं काहीच नाही का? दोन्ही बाजूंनी आवाज चढले.

देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी सतीश. बँकेत नोकरीला असलेला, समजूतदार माणूस. त्याने भैरूला खांबाआड नेलं आणि हळू आवाजात मार्ग सांगितला. जोड धुऊन पुसून घ्यायचा, तेल लावायचं, आणि गावाला सांगायचं की जोड दोन होते, पायातला तुझा होता, देवाचा फडक्यात होता. लोकांनाही जत्रेच्या दिवशी कटकट नको आहे, ते मानतील. गाऱ्हाण्यात तुझं नाव ठरल्याप्रमाणे येईल.

भैरूने हातातल्या वहाणा उलट्या केल्या. ज्यासाठी तो आला होता ते त्याला आयतं मिळत होतं. त्याने अंगठ्याने आतल्या बाजूचा तळ दाबून बघितला.

"पुसून काय हुणार न्हाई, साहेब," तो म्हणाला. "आत माझा पाय उमटलाय. मी केलेला जोड हाय, मला दिसतोय की."

त्याने जोड सतीशच्या हातात दिला. आठ दिवसांत दुसरा करून देतो, तुमची मर्जी असली तर, एवढं सांगितलं. मग पायऱ्या उतरून तो खाली दीपस्तंभापाशी जाऊन बसला, कारण पायांवर उभं राहवत नव्हतं. गाऱ्हाणं झालं की बस पकडायची असं त्याने ठरवलं. रजा एकाच दिवसाची होती.

गाऱ्हाण्याला दोन वाजले. सगुण ऐकेना; बसून घालतो, पण घालणार मीच. त्याला देवासमोर पाटावर बसवलं, मागे पद्मावती आधाराला. खांबाआडचं बोलणं त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं होतं, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. आवाज सुरुवातीला फुटेना. मग फुटला.

"बा वेताळा, म्हाराजा! आज तुजीं लेकरां तुज्या पायांकडे उबीं आसात."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

जे गावात आहेत त्यांचं झालं. जे तारवावर आहेत, आखातात आहेत, त्यांचं झालं. ढोलवाल्याचं नाव झालं, दिवटीवाल्याचं झालं. वहाणावाल्याच्या जागी सगुण आला आणि ती जागा ओलांडून पुढे गेला. भैरूने मान खाली घातली. त्याने ते धरूनच ठेवलं होतं. आता शेवटी वाटसरांची एक ओळ येते, भायल्यांना सुखरूप घरी पोचव अशी. तीच काय ती आपली.

पण त्या ओळीच्या आधी चुका येतात. वर्षभरात गावाकडून जे चुकलं ते घाडी देवाला सांगतो आणि गावाच्या वतीने पदर पसरतो. तिथे भायल्याची चूक कधी निघत नाही. भायल्याने काही केलं तर ते त्याचं आणि त्याच्या देवाचं. वेताळ हिशेब मागतो तो फक्त आपल्या माणसांकडे. हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भैरूला ठाऊक नव्हतं. ते शेजारी उभ्या असलेल्या एका म्हातारीने, देवकीने, त्याला नंतर सांगितलं.

सगुणने श्वास घेतला. "तुज्या व्हाणेंत माणसाचो पाय पडलो, म्हाराजा. पाय भैरू सातपुत्याचो. भार म्हजो. ही चूक तुज्या गावान केल्या, तुज्या लेकरांनी केल्या. पदरांत घे."

ढोलवाल्याने दिवटीवाल्याकडे बघितलं. सगुण वाट बघत बसला. त्याला घाई नव्हती. मग आतून पहिला आवाज आला तो पद्मावतीचा, आणि बायकांनी गाऱ्हाण्याला होकार द्यायची तिथे पद्धत नव्हती. तिच्या पाठोपाठ सतीशचा आला. मग तोंड फिरवून बाहेर गेलेल्यांपैकी एकाचा. मग सगळ्यांचा मिळून, "व्हय म्हाराजा!"

सगुणने पुढची ओळ घ्यायला हवी होती. तो थांबून राहिला. त्याने मान वळवून दारातून, माणसांच्या डोक्यांमधून, खाली दीपस्तंभाकडे बघितलं. देवकीने भैरूला कोपराने ढोसलं आणि सांगितलं, गावातल्या प्रत्येकाने म्हणायचं असतं.

भैरू स्तंभाला धरून उठला. सगळ्यांच्या मागून, एकट्याचाच, कोल्हापूरकडच्या हेलात एक "व्हय म्हाराजा" आला. सगुणने तो ऐकला आणि नारळ हातात घेतला.